महाविद्यालयास जाणाऱ्या मुलांची शिदोरी

आषाढ लागला कीं सुशिक्षित घरांतून एक लगबग सुरू होते. कोणाचा मुलगा पुण्यास अभियांत्रिकी शिकावयास निघालेला असतो, कोणाची मुलगी नांदेडास किंवा मुंबईस. आमचें झरी हें परभणी तालुक्यांतील गांव. येथूनही दरवर्षीं कांहीं मुलें बाहेर पडतात. मग चिवड्याचे डबे भरले जातात, मेतकुटाची बरणी फडक्यांत गुंडाळली जाते, आजी तुपाच्या डब्याचें झांकण दोनदां दाबून पाहते, आणि गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला असे सर्व कागद एका पिशवींत रचले जातात. या शिदोरींतून एक जिन्नस मात्र बहुधा राहून जातो. तो म्हणजे मुलाच्या लसटोचणीची नोंदवही आणि तींत टोचावयाच्या राहिलेल्या लसी. त्याविषयीं चार शब्द लिहावे, असें मनांत आलें.

ठराविक वयीं ठराविक विधि करणें आपल्या लोकांस नवें नाहीं. बाराव्या दिवशीं बारसें, सहाव्या महिन्यांत उष्टावण, आठव्या वर्षीं मुंज; वेळ टळूं नये म्हणून घरांतील वडील मंडळी किती जपतात! लसींचेंही असेंच वेळापत्रक आहे. जन्मतांच क्षय, पोलिओ आणि यकृताची ब प्रकारची कावीळ यांच्या लसी; पुढें सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यास कांहीं; नवव्या महिन्यांत गोवर-रुबेलाची; आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीं धनुर्वात व घटसर्प यांची जोडलस. येथवर आई, अंगणवाडी व शाळा मिळून काम उरकतात. सोळाव्या वर्षानंतर वही मिटते, आणि थोड्याच दिवसांत मूल घर सोडतें. वसतिगृहाच्या एका खोलींत तीन-चार परकीं मुलें, एकच भोजनालय, पाण्याची एकच टांकी. रोगास याहून सोयीचें ठिकाण कोणतें?

आमच्या पिढीस लसीचें महत्त्व पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. तें दंडावरच लिहिलेलें आहे. पूर्वीं या कामास ‘देवी काढणें’ म्हणत, कारण रोगाचेंच नांव देवी होतें. मुंबईंत १४ जून १८०२ रोजीं अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली गेली; हिंदुस्थानांतील ही पहिली. मे १९७५ मध्यें या देशांत देवीचा शेवटचा रोगी आढळला आणि १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें पृथ्वीवरून हा रोग नाहींसा झाल्याचें जाहीर केलें. आमच्या बालपणीं गांवांत देवीचे वण असलेले चेहरे पुष्कळ दिसत. आज आमच्या नातवंडांस तसा एकही चेहरा ठाऊक नाहीं. मुंबईंत प्लेग माजला असतां डॉक्टर हाफकिन यांनीं त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. त्यांचें नांव धारण करणारी संस्था परळ येथें आजही उभी आहे. पुण्याच्या सीरम संस्थेंत तर १९६६ पासून लसींचेंच काम चालतें. तेव्हां लस ही कोठून तरी परदेशांतून आलेली शंकास्पद वस्तु आहे, असें महाराष्ट्रांत तरी कोणीं म्हणूं नये.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. सोळाव्या वर्षाची धनुर्वात-घटसर्पाची टोच झाली नसेल तर ती आधीं उरकावी, आणि पुढें दर दहा वर्षांनीं एक पुनर्मात्रा घ्यावी. गोवर-रुबेलाची मोठी मोहीम महाराष्ट्रांत नोव्हेंबर १८ सालीं, म्हणजे २०१८ मध्यें, नऊ महिने ते पंधरा वर्षें वयाच्या मुलांकरितां झाली. त्या वेळीं आपलें मूल शाळेंत हजर होतें कीं तापानें घरीं निजलें होतें, हें आठवून पाहावें. तींत गालगुंडाची लस नव्हती. ती हवी असल्यास तिन्हींची एकत्र लस मिळते. कांजिण्या झाल्या नसतील व लसही घेतली नसेल, तर दोन मात्रा घ्याव्या. हा रोग बालपणीं सौम्य असतो. मोठ्या वयांत तो अधिक छळतो, आणि परीक्षेच्या तोंडावर आला तर वर्षही बुडवितो.

ब प्रकारच्या काविळीची लस सरकारी कार्यक्रमांतून देशभर पोंचली ती २०११ सालीं. त्यापूर्वीं जन्मलेल्यांनीं आपली वही अवश्य उघडून पाहावी. हा रोग रक्तावाटे पसरतो व वर्षानुवर्षें यकृतांत दडून राहूं शकतो. वैद्यकीय व परिचर्येच्या विद्यार्थ्यांस तर रोजच सुईशीं गांठ असते. त्यांनीं शून्य, एक व सहा महिने या क्रमानें तीन मात्रा पुऱ्या केल्यावांचून रोग्यास हात लावूं नये. खाणावळींत जेवणारांनीं विषमज्वराच्या लसीविषयीं डॉक्टरांस विचारावें. नव्या प्रकारच्या या लसीची एकच मात्रा पुरते; नवी मुंबईच्या महापालिकेनें २०१८ सालीं ती हजारों मुलांस टोचली. तिच्या भरंवशावर उघड्यावरचें पाणी प्यावें असा मात्र अर्थ करूं नये. आणि आवारांत कुत्रें चावलें तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं लस सुरू करावी. पिसाळरोग एकदां प्रकट झाला म्हणजे त्यास बहुधा उपाय चालत नाहीं.

परदेशीं जाणारांस आणखी एक लस लागते. मेंदूच्या आवरणास सूज आणणारा एक जंतु वसतिगृहांतील तरुणांस गांठतो, आणि तो कधीं कधीं एका दिवसांत प्राण घेतो. म्हणून ब्रिटनमध्यें २०१५ पासून कुमारवयीन मुलांस व विद्यापीठांत नव्यानें जाणाऱ्या विद्यार्थ्यांस ही लस देतात. अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठें लसींची लेखी नोंद पाहिल्यावांचून प्रवेश पुरा करीत नाहींत.

आतां ज्या लसीविषयीं आपल्या घरांत बोलतांना आवाज खालीं येतो, तिच्याविषयीं. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूमुळें होतो; या शोधाबद्दल जर्मन वैद्य हाराल्ड त्सुर हाउझेन यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. भारतांत दरवर्षीं सुमारें सव्वा लाख स्त्रियांस हा रोग जडतो व ७०,००० हून अधिक स्त्रिया त्यानें मरतात. आपल्या मराठवाड्यांतच, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या व टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यानें १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला: त्या विषाणूची एकदांच तपासणी केलेल्या गटांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले होते. या विषाणूवरील लस पुण्यांतच तयार झाली आणि जानेवारी २०२३ मध्यें बाजारांत आली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीस दोन मात्रा पुरतात; पंधरा ते सव्वीस वर्षांपर्यंत तीन लागतात. लस घेतली तरी पुढें तिशीनंतर तपासणी करावयाचीच.

आमच्या थोरल्या वहिनी याच रोगानें गेल्या. त्या वेळीं त्यांचें वय बावन्न होतें. घरांतल्या अकरा माणसांचें दुखणेंखुपणें त्यांस तोंडपाठ. कोणास कोणता काढा चालतो, कोणाचें पोट कशानें बिघडतें, सारें त्यांस ठाऊक. अवेळीं होणाऱ्या रक्तस्रावाविषयीं मात्र त्या वर्षभर कोणाशीं बोलल्या नाहींत. पुरुषांच्या कानीं घालावयाची ती गोष्ट नव्हती, आणि सुनांस सांगावी तर त्यांचा संकोच. रोग कळला तेव्हां तो पुष्कळ पुढें गेला होता.

त्यांचीच नात यंदा पुण्यास शिकावयास निघाली. तिच्या आईनें माजघरांत या लसीचा विषय काढला, तेव्हां आमच्या आत्याबाई म्हणाल्या, “लग्नाआधीं मुलीस असलें कांहीं कशाला? लोक काय म्हणतील?” सूनबाई गप्प झाली. आम्ही उत्तर देण्याच्या बेतांत होतों, परंतु चौऱ्याहत्तर वर्षांचे आमचे वडील बंधु, जे वहिनी गेल्यापासून या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते, ते ओसरीवरून म्हणाले, “लोकांस काय म्हणावयाचें तें म्हणूं द्या. पोरीला लस द्या. पैसे मी देतों.” आत्याबाईंनीं पदर सांवरला आणि पुढें त्या कांहीं बोलल्या नाहींत. ही लस विषाणूचा संसर्ग होण्यापूर्वीं घेतली तरच तिचा पुरा उपयोग होतो, एवढें साधें कारण आहे. मुलीच्या वर्तनावर तींत कसलाही शेरा नाहीं. धनुर्वाताची लस घेणारा मुलगा खिळ्यावर पाय देण्यास उत्सुक असतो, असें आपण कधीं म्हणतों काय? मुलांसही हा विषाणु जडतो, म्हणून मुलाच्या वेळींही डॉक्टरांचें मत घ्यावें.

लस म्हणजे अमृत नव्हे. दंड दुखतो, एखाद दिवस ताप येतो, कोणास घेरी येते. म्हणून टोचून घेतल्यावर अर्धा तास तेथेंच बसावें. पूर्वीं एखाद्या लसीनें तीव्र त्रास झाला असेल, एखादा दीर्घ आजार असेल किंवा गर्भारपण असेल, तर तें आधीं सांगावें. कांहीं लसी अशा वेळीं देत नाहींत. कोणती घ्यावी, कोणती नको, हें वही पाहून डॉक्टरांनीं ठरवावें. शेजारी किंवा दूरध्वनीवर आलेल्या निनांवी मजकुरानें नव्हे.

वही सांपडत नसल्यास घाबरूं नये. आरोग्य केंद्रांत जुनी नोंद मिळते का तें पाहावें. न मिळाल्यास बहुतेक लसी पुन्हां घेण्यानें अपाय होत नाहीं. नवी नोंद करून तिची एक प्रत मुलाच्या कागदांत व एक घरीं ठेवावी. आणि मूल अठरा वर्षांचें झालें असेल तर हें सर्व त्याच्याशीं बोलून करावें, कारण तें अंग आतां त्याचें आहे.

आमच्या नातीच्या दोन मात्रा झाल्या. पहिली ज्येष्ठांत, दुसरी श्रावणांत. तिसरी मार्गशीर्षांत आहे. ती तारीख सूनबाईनें कालनिर्णयावर लाल शाईनें लिहून ठेवली आहे, आणि आमचे वडील बंधु चतुर्थी पाहण्याच्या निमित्तानें तें पान अधूनमधून उलटून पाहतात.