भाईंदरचा ताळेबंद

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमा कुठली आणि नावे कुठली हे मला कळते, असा बँकेचा समज आहे. घरात हा समज कुणाचाच नाही.

पंधरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाचे लग्न ठरले आणि गिरगावच्या चाळीतली दीड खोली अचानक पाऊण वाटू लागली. मी रीतसर कागद घेऊन बसलो. गिरगावात ज्या पैशात ब्लॉकचा उंबरठा आला असता, त्यात भाईंदरला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्वतःचा संडास! पाणी तिथेही ठरावीक वेळी, इथेही. शिवाय उत्तनची ताजी मासळी हाताशी.

“बघ, निव्वळ नफा!” मी म्हटले.

“आणि प्रवास?” सौ. म्हणाली.

“पास म्हणजे किरकोळ खर्च गं!”

पास किरकोळच आहे हो. पण चर्चगेटपासून भाईंदर सुमारे ४३ किलोमीटर. दहिसर ओलांडले की मुंबई संपते, जिल्हासुद्धा बदलतो. २००२ पासून तर आमची महानगरपालिकाही वेगळी. म्हणजे मी रोज एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो, आणि नातेवाईक विचारतात, “मग, मुंबईला कधी येणार?” संध्याकाळी चुकून विरार गाडीत चढलो, तर खाडीपलीकडची मंडळी अशी बघतात, की जणू मी त्यांच्या सातबाऱ्यावर नाव लावायला निघालोय.

परवा गाडीतच हिशेब केला. जाऊन-येऊन रोज चार तास, महिन्याचे बावीस दिवस. वर्षाचे १०५६ तास, म्हणजे पुरते ४४ दिवस. पंधरा वर्षांचे ६६० दिवस! मी जवळजवळ एक वर्ष दहा महिने गाडीत राहिलो, तेही बहुतेक उभ्याने.

त्याच रात्री मुलीची निबंधाची वही पाहिली. ‘माझे बाबा’. पहिलेच वाक्य : ‘माझे बाबा रविवारी असतात.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. चूक असती तर बरे वाटले असते.

मग जमेच्या बाजूला आहे तरी काय? तर आई. आल्या आल्या आठवडाभर बंद दाराकडे बघत बसली. आठव्या दिवशी तिने दार उघडले आणि जिन्याजवळ खुर्ची टाकली. समोरच्या गुजराती बेन पाट घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरच्या भाभी आल्या. आता तिथे रोज भाजी निवडतात, औषधे सुचवतात, सुनांचे निकाल लावतात. चाळीची गॅलरी आईने बरोबर आणली होती. सामानाच्या यादीत मी ती लिहिलीच नव्हती.

मी पोचतो तेव्हा बैठक मोडलेली असते. एक खुर्ची तेवढी बाहेर असते, माझ्यासाठी. तिच्यावर बसून बूट काढतो आणि हिशेब मांडतो. पंधरा वर्षांत ताळेबंद जुळलेला नाही. बँकेत असा फरक राहिला, की आम्ही तो सस्पेन्स खात्यात टाकतो आणि घरी जातो.

घरी मात्र तसे खाते नाही.