थकलेला डबा

‘काय दिवे लावलेस!’ हे वाक्य दिवाळीच्या संध्याकाळी म्हटले तर कौतुकाचे, आणि निकालाच्या दिवशी म्हटले तर कशाचे, ते सांगायला नको. इंग्रजीत याला ‘आयरनी’ म्हणतात, असे मी दर वर्षी वर्गात सांगतो. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि मधल्या सुट्टीत झेल सोडणाऱ्याला ‘वा रे पठ्ठ्या!’ म्हणून ओरडतात. या दोहोंचा काही संबंध असेल अशी शंका त्यांना येत नाही. खरे सांगायचे तर बरीच वर्षे मलाही आली नव्हती.

इंग्रजीतले हे अलंकार म्हणजे नावांनीच घाबरवणारी मंडळी. एखाद्या औषधाच्या बाटलीवर शोभावीत अशी नावे! मौज अशी की, त्यांतली बरीचशी इंग्रजांचीही नाहीत, ग्रीकांची आहेत. ‘मेटॅफर’ म्हणजे पलीकडे वाहून नेणे. ‘हायपरबोली’ म्हणजे पलीकडे फेकणे. ‘शंभरदा सांगितले तुला!’ म्हणणारी प्रत्येक आई ते रोज फेकत असते. ‘युफेमिझम’ म्हणजे शुभ बोलणे. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. आणि घरातून जाणारा माणूस ‘येतो’ म्हणून जातो. ‘झ्यूग्मा’ म्हणजे तर चक्क बैलांच्या मानेवरचे जू. आपल्या ‘योग’ शब्दाचेच ते दूरचे भावंड. एका शब्दाला दोन अर्थांचे बैल जुंपायचे. भरताच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्यांतला दीपक असेच काहीसे काम करतो. उंबऱ्यावरच्या पणतीसारखा एकच शब्द आतही उजेड देतो आणि बाहेरही.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही एकदा चूक झालीच.

‘ट्रान्स्फर्ड एपिथेट’ शिकवून झाला होता. माणसाचे विशेषण त्याच्याजवळच्या वस्तूला द्यायचे. झोप येत नाही ती माणसाला, आणि आपण रात्रीला म्हणतो ‘स्लीपलेस नाइट’. चाचणीत मी स्वतःचे उदाहरण लिहायला सांगितले. साऱ्या वर्गाने माझीच रात्र मला परत केली. एका मुलाने तेवढे लिहिले, ‘माय फादर्स टायर्ड टिफिन’. मी तांबड्या शाईने रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘डबा थकत नाही.’ गुण शून्य.

आमच्या सातिवलीत कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत आणि तुंगारेश्वराचा डोंगर जवळच आहे. सकाळी मी फिरायला निघतो तेव्हा रातपाळी सुटलेली असते. त्या आठवड्यात अशाच एका सकाळी त्या मुलाचे वडील समोरून आले. डबा त्यांच्या हातात होता म्हणण्यापेक्षा हाताला लोंबकळत होता. कडी तुटलेली, झाकण सुतळीने बांधलेले.

‘‘नमस्कार सर. आमचा पोरगा बरा शिकतो ना?’’

‘‘हुशार आहे,’’ मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. मला मात्र त्या डब्याकडे पाहवेना. तो थकलेला होता. अगदी इंग्रजीत थकलेला होता!

परतताना मला फादर थॉमस स्टीफन्स आठवले. हा माणूस जन्माने इंग्रज. 1579 साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले. मराठीची थोरवी सांगताना त्याने उपमांमागून उपमा दिल्या, त्या मोगऱ्याच्या, कस्तुरीच्या, मोराच्या. परक्या भाषेत त्याने भोवतालचे जग आणले, म्हणून चारशे वर्षे आपण त्याला नमस्कार करतो. सातिवलीच्या एका पोराने परक्या भाषेत आपल्या बापाचा डबा आणला, तर मी त्याला शून्य दिले.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी चूक कबूल केली आणि गुण दिले. तो उभा राहून ‘‘थँक यू सर’’ म्हणाला. मला वाटले, मिटले.

वार्षिक परीक्षेत पुन्हा तोच प्रश्न आला. मी त्याचीच उत्तरपत्रिका आधी शोधली. सुवाच्य अक्षरात त्याने लिहिले होते, ‘स्लीपलेस नाइट’.

उत्तर बरोबर होते. पैकीच्या पैकी गुण द्यावेच लागले. काय दिवे लावले मी!