नाव आणि आकडा

नावावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. एक तर मी शिक्षक. वर्गात एकाच नावाची तीन मुले असली की एका हाकेला तीन ‘हजर’ उठतात, आणि शेवटी हजेरीचा क्रमांकच कामाला येतो. दुसरे, आमचे शहर पाहा. उस्मानाबादचे २०२३ साली सरकारदप्तरी धाराशिव झाले. टपालाचा ४१३५०१ हा आकडा मात्र जागचा हलला नाही.

पुस्तकांचे असेच आहे. ग्रंथालयाच्या संगणकावरील सूचीत ‘ज्ञानेश्वरी’ शोधा. राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली निराळी, साखरेमहाराजांची सार्थ निराळी, आणि एखादी ‘भावार्थदीपिका’ या नावाआड दडलेली! माणूस पान चाळून ओळखतो. यंत्राला ती नजर कुठून असणार? म्हणून सूचीच्या पानामागे, वाचकाला न दिसणाऱ्या मजकुरात, पुस्तकाचा आकडा गुंफून ठेवतात. या मजकुराला मेटाडेटा म्हणतात. झोटेरोसारखे संदर्भ टिपून ठेवणारे साधन तो वाचते आणि लेखक, प्रकाशक, साल आपसूक उचलते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली ‘कोहा’ ही ग्रंथालयांची मोफत प्रणाली असा मजकूर पानात घालते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. नाव गोड आहे.

हा आकडा बहुधा तेरा अंकी आयएसबीएन असतो. त्याच्या अंकांना आळीपाळीने एक आणि तीन यांनी गुणून बेरीज करावी. तिला दहाने भाग गेला नाही, तर अंक कुठेतरी चुकला म्हणून समजावे. आमच्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली, त्यातलाच हा प्रकार. नामदेवांचे मडके तेव्हा कच्चे निघाले म्हणतात!

पण आयएसबीएन आंतरराष्ट्रीय मानक झाला १९७० साली. शंकर गणेश दात्यांनी खपून ज्यांची सूची केली, ती १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तके छापली गेली तेव्हा तो नव्हताच. गावच्या वाचनालयात अशा पुस्तकावर असतो तो शाईने लिहिलेला दाखल क्रमांक. समजा, ५१२. शेजारच्या गावात ५१२ म्हणजे पाकशास्त्र असायचे! तेव्हा त्या क्रमांकाआधी वाचनालयाची खूण जोडावी, तो पानामागे गुंफावा, आणि पुढे प्रणाली बदलली तरी त्याला हात लावू नये. नवे यंत्र आले की नवे क्रमांक पाडण्याची हौस मला मुळीच पसंत नाही.

माझ्या कादंबरीला तेरा अंक मिळाले आहेत. ज्या जुन्या कादंबऱ्या वाचून मी लिहायला शिकलो, त्या अजून नुसत्या पाचशे बाराच आहेत.