बावीसची सोबत

आज वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचे दर्शन घेऊन परतताना आबांच्या ओसरीवर विसावलो, तो तेथे परवानाधारक मंडळींची आपापल्या ‘बावीस’च्या (.२२ बोअरच्या) रायफलींविषयी मोठ्या जिव्हाळ्याची चर्चा रंगली होती. या रायफलीच्या काडतुसाचा ठिणगी देणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसून पितळी काठाच्या पोकळ घडीत पसरलेला असतो. टाचणीच्या आघाताने तो काठ चेपावा म्हणून पत्रा पातळ ठेवणे भाग पडते, पत्रा पातळ म्हणून दारूचा दाब बेताचा राखावा लागतो, आणि त्यामुळेच हिचा धक्का खांद्याला जेमतेम जाणवतो. बार फुसका गेला, तर आबा नळी मातीच्या बांधाकडे धरून अंमळ थांबतात आणि मग तेच काडतूस किंचित फिरवून पुन्हा घालतात. प्रत्येक नळीला ठरावीकच काडतूस मानवते, हा त्यांचा सिद्धांत मला पटतो.

उसातल्या रानडुकरापुढे मात्र हे शस्त्र दुबळेच, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हुकमावाचून त्याच्यावर नेम धरण्याचीही सोय नाही. हिचे खरे वैभव नेमबाजीत: पन्नास मीटरांवरचे दहा गुणांचे वर्तुळ ज्वारीचे दोन-तीन दाणे मावतील एवढेच, आणि तेथेच तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्यूनिकला जगज्जेती ठरली, स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. दोघेही कोल्हापूरकडचे, याची आबांना किंचित असूया वाटते!

निवडणुका आल्या की रायफल ठाण्यात जमा होते. आबा तिला आदल्या रात्री तेल देतात, आणि पावती देवघरात ठेवतात.