पानात बांधलेली इडली

तंजावर आणि कुंभकोणमच्या हॉटेलांत इडलीबरोबर कडप्पा मिळतो. त्या पट्ट्याबाहेर तो फारसा कुणाला ठाऊक नाही. (ओट्याच्या काळ्या दगडाशी याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुण्यातले पाहुणे हटकून विचारतात.) मूगडाळ, बटाटा आणि वाटलेला नारळ यांचं हे फिकट, दाटसर कालवण. त्यात बडीशेपेचा वास आणि शेवटी पिळलेलं लिंबू. काही ठिकाणी तो रोज मिळायचा नाही, ठरावीक वारीच व्हायचा. लोक त्या दिवशी घरून डबा घेऊन रांगेत उभे राहायचे.

आमच्या घरी कडप्पा होत नसे. लसूण, बडीशेप, दालचिनी हे सगळं आईच्या सोवळ्याच्या स्वयंपाकाबाहेरचं. आम्ही तंजावरचे मराठी. एकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावरची गादी घेतली, तेव्हापासून १८५५मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करेपर्यंत आणि त्यानंतरही आमची घरं तिथेच राहिली. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. ताटात पिठलं, आंबटभाजी, डांगर, सणाला पुरणपोळी. शेजारच्या तमिळ घरांतल्या पिटलै आणि रसवांगीशी आमच्या चुलीचं नातं आहे, असं तिथले जाणते सांगतात. सांबार तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात जन्मलं, पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून त्याला नाव मिळालं, ही कथाही सांगतात. कथा म्हणून ती छान आहे, पुरावा मागू नये. कडप्पाही मराठ्यांचाच असं म्हणणारे भेटतात. मला मात्र आमच्या घरांत त्याचा माग कधी लागला नाही. तो हॉटेलचाच.

म्हणूनच त्याची ओढ. आईला बरं नसलं किंवा गावाहून रात्रीच्या गाडीनं कुणी आलं, तरच अण्णा सायकल काढायचे. सांबार-कडप्प्यासाठी घरचे कडीचे डबे न्यायचे. इडल्या मात्र हॉटेलवाला बांधून द्यायचा. खाली वर्तमानपत्र, त्यावर केळीचं पान, पानावर गरम इडल्या, चटणीची वेगळी पुडी, आणि सगळ्यावर केळीच्या सोपाचा वाळलेला धागा असा काही गुंडाळायचा की गाठ न मारता बसे. तो धागा सोडवायचा मान धाकट्याचा. घरी येईस्तोवर वाफेनं पानाचा हिरवा रंग गडद झालेला असायचा आणि त्याचा वास इडलीत उतरलेला. हॉटेलात बाकावर बसून खाल्लेली इडली आणि पार्सलची इडली, दोन्ही एकाच भांड्यातल्या, पण चवीला वेगळ्या. आम्हा मुलांना पार्सलची जास्त आवडायची. आजी तिला हात लावायची नाही. रात्री मात्र विचारायची, कशी होती रे?

बाहेरच्या अन्नाबद्दलचा हा संकोच जुना आहे, आणि त्यावरची तोडही जुनी. तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र त्यांतलंच, दुसऱ्या सरफोजींनी उभारलेलं. १८०१मध्ये सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला छत्रांविषयी पत्र लिहिलं. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सगळ्या वाटसरूंना तिथे शिजवलेला भात मिळे, आणि ज्यांना शिजवलेलं चालत नसे त्यांना तांदूळ आणि मसाल्याचं सामान कच्चंच देत. मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी उपाशी राहिलं असेल तर या, अशी हाक घालत. कच्चा शिधा घेऊन झाडाखाली तीन दगडांची चूल मांडणारा तो यात्रेकरू मला जवळचा वाटतो. सामान छत्राचं, हात स्वतःचा.

आणि हौस म्हणाल तर तीही वाड्यापासूनचीच. सरफोजी श्वार्ट्झ या मिशनरीच्या देखरेखीखाली शिकलेले. त्यांच्या काळातलं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. ब्राह्मणी आणि मराठा स्वयंपाकाबरोबर इंग्रजी पदार्थांनाही त्यात जागा आहे. परक्याच्या टेबलावरचं आपल्या मुदपाकखान्यात करून पाहायचं आणि मराठीत लिहून ठेवायचं! आज मोबाइलवर ‘हॉटेलसारखा कडप्पा घरच्या घरी’ पाहणाऱ्या माझ्या सुनेनं वेगळं काय केलं?

आता कुंभकोणमातही इडली मोबाइलवर मागवता येते. ती प्लास्टिकच्या नाहीतर पातळ पत्र्याच्या डब्यात येते, झाकणाच्या आतून घाम सुटलेला, इडलीचा खालचा भाग पाणचट. तमिळनाडूत १ जानेवारी २०१९पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्यानंतर काही हॉटेलांत पान परतलं. सांबार मात्र अजून पिशवीतच. कडीचा डबा घेऊन गेलं तर काउंटरवरचा पोरगा दोनदा बघतो. घरीही रगडा गेला. कोपऱ्यावरच्या दुकानात इडलीचं तयार पीठ मिळतं आणि बऱ्याच घरांत तेच येतं. आणि गंमत अशी की हॉटेलांच्या पाट्यांवर आता ‘घरगुती चव’ लिहिलेलं असतं. आम्ही हॉटेलची चव घरी शोधतोय आणि ते घरची चव विकताहेत.

मी घरी करून पाहतो त्याचा निकाल सरळ सांगतो. कडप्पा घरी जमतो, हॉटेलपेक्षा चांगला जमतो. त्याचं कारण मातीत आहे. कावेरीच्या पट्ट्यात सांबा भाताची कापणी जवळ आली की उभ्या पिकातच उडीद आणि मूग फेकतात, जमिनीतल्या उरल्या ओलीवर ते पीक येतं. तांदूळ, उडीद, मूग एकाच शेतातले. तिरुवैयारूचा अशोका हलवाही मुगाचाच. नवी डाळ असली की कडप्प्याला फारसं काही करावं लागत नाही. डाळ मऊ शिजवायची, बटाटे उकडून हातानं फोडायचे, सुरीनं नाही. ओला नारळ, हिरवी मिरची, बडीशेप, डाळं आणि थोडी खसखस गंधासारखं बारीक वाटायचं. तेलात दालचिनी, तमालपत्र, कांदा, लसूण परतून सगळं एकत्र करायचं. लाल तिखट घालायचं नाही. लिंबू गॅस बंद केल्यावर.

इडली अर्धी जमते. अडुतुरैला १९२२पासून भात संशोधन केंद्र आहे. तिथला ए.डी.टी. ३७ हा बुटका, जाड दाण्याचा तांदूळ उकडा करून वापरला तर पीठ हॉटेलसारखं होतं. पण तिकडे इडली ओल्या कापडावर वाफवतात. ते कापड धुण्याचा कंटाळा आला की आपण तेल लावलेल्या साच्याकडे वळतो, आणि तिथे फरक पडतो.

हॉटेलचं सांबार घरी होत नाही. मसाल्याचं गुपित वगैरे काही नाही. पहाटे चढवलेलं मोठं पातेलं तासन् तास मंद आचेवर असतं, भोपळा विरघळतो, छोटे कांदे गळतात, चिंचेचा कच्चेपणा कुठच्या कुठे जातो. चौघांसाठी कुकरच्या दोन शिट्ट्यांत हे व्हायचं नाही. लग्नघरी होतं, कारण तिथे पातेलं तेवढं असतं. डिग्री कॉफीचंही मी सोडून दिलं आहे. पितळी फिल्टर आहे, दावरा-टंबलर आहेत, पीबेरी दळून आणतो, पण ताजं, पाणी न घातलेलं गाईचं दूध शहरात कुठून आणायचं? महामार्गावर ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पाट्या रांगेनं लागतात. पितळेची भांडी तिथेही आहेत. दुधाचं बोलू नये.

राहिलं पान. पार्सलच्या चवीतला मोठा वाटा त्याचा, आणि तेच करायला सगळ्यात सोपं. तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर बाजारातून कोवळं, न फाटलेलं पान आणा. मधला दांडा तासून घ्या, गॅसच्या आचेवर दोन्ही बाजूंनी फिरवा म्हणजे ते लवचिक होईल. इडल्या भांड्यातून काढल्या काढल्या त्यावर ठेवा, घट्ट गुंडाळा, वरून वर्तमानपत्राऐवजी सुती फडकं बांधा आणि अर्धा तास कुणालाही उघडू देऊ नका. तेवढ्यात कडप्पा करून होतो. तो उरला तर दुसऱ्या दिवशी घट्ट होईल. गरम पाणी घालून सैल करा, डोशाबरोबर खा, पण पुन्हा उकळू नका, नारळ फुटतो.