नाव शेवटी

हिवाळा लागला की पक्षीमित्रांचे फोन सुरू होतात. अमुक तलावावर आजवर न दिसलेलं बदक उतरलंय, तमुक माळावर अनोळखी भोवत्या घिरट्या घालतोय. सायबेरिया, मध्य आशियातून येणाऱ्या पाखरांतली काही, विशेषतः पहिल्याच हिवाळ्यातली, वाट चुकून भलतीकडे पोचतात. त्यामुळे अशी बातमी खरी असू शकते. ती पारखायची कशी, हे आमच्या छंदातलं खरं कसब. आणि ते नेहमीच्या पक्ष्यांवरच घोटावं लागतं.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर शेंडीबदकं दिसली की मी तो थवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पक्षी करून बघतो. त्यात एखादं ग्रेटर स्कॉप असू शकतं. हे उत्तरेकडचं बदक महाराष्ट्रात क्वचितच येतं. नर असेल तर पाठच सांगते: शेंडीबदकाची काळी कुळकुळीत, स्कॉपची राखाडी. मादी असली की घाई चालत नाही. चोचीच्या मुळाशी पांढरं दिसलं की मन लगेच ‘स्कॉप’ म्हणतं. पण शेंडीबदकाच्या काही माद्यांनाही तिथे पांढरं असतं. मग डोकं बघायचं. गोल आहे, की मागे शेंडीचा जरासा कोंब आहे? चोचीचं टोक बघायचं. शेंडीबदकाचं टोक चांगलं रुंद काळं, स्कॉपचा काळा ठिपका अगदी इवलासा. तेवढं दिसायला बदकानं मान वळवावी लागते, आणि ते तर सारखं बुड्या मारत असतं, नाहीतर पंखात चोच खुपसून झोपलेलं. नावाडीदादांना होडी थांबवायला सांगून वाट बघायची. आणखी जवळ गेलो तर थवा उठेल. इतक्या लांबून आलेल्या पाखरांना आपल्या शंकेपायी उठवणं मला मुळीच पटत नाही.

बघून झालं की तिथल्या तिथे वही काढायची. वेळ, उजेड कुठल्या बाजूचा, अंतर, सोबत कुठले पक्षी, चोच, डोकं, पाठ, पंखावरचा पट्टा. जे दिसलं नाही त्यापुढे ‘दिसलं नाही’ असंच लिहायचं. पुस्तक त्यानंतर उघडायचं आणि नाव सगळ्यात शेवटी. आधी नाव ठरलं की डोळे पुस्तकातलं चित्रच बघू लागतात.

एका खोट्या नोंदीनं काय होतं, ते रानपिंगळ्यानं दाखवून दिलंय. या घुबडाचा शेवटचा अस्सल नमुना १८८४ सालचा. पुढे रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं आणखी एक नमुना १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचं नोंदवलं. प्रत्यक्षात तो नमुना जेम्स डेव्हिडसन या आधीच्या संग्राहकाचा होता; चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, १९१४ची दिशाभूल करणारी नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा दिसला. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी जागा नीट लिहून ठेवली होती, म्हणूनच हे घडलं.

नव्या मुलामुलींना मी कळकळीनं सांगतो: दुर्मीळ पक्ष्यामागे जरूर जा, पण नेहमीच्या पक्ष्यांची मोजदादही तितक्याच मनापासून लिहा. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेला हातभार लावा. कॉमन पोचार्ड, म्हणजे आपली छोटी लालसरी, नावापुरती ‘कॉमन’ उरली आहे. तिची संख्या इतकी घटली की २०१५ पासून ती जागतिक यादीत संकटग्रस्त पक्ष्यांत गणली जाते. अशी घट एका दिवशी दिसत नाही. अनेकांनी अनेक हिवाळे आकडे लिहिले, तेव्हा ती कळते. तेव्हा थव्यात स्कॉप नाही मिळालं तरी शेंडीबदकं किती होती, हे लिहूनच घरी जायचं.