पांढरी पाचच्या किंचित वर

माजरी, १३ मे २०२४
काल दुपारी घरी पोचलो. कूलर चालू असला की माइक लावता येत नाही आणि कूलर बंद केला की जगता येत नाही. हेडफोन घालून रात्री बसलो. मालिकेचा भाग २२ मिनिटांचा, त्यातली १८ मिनिटं मागे काहीतरी वाजतच पाहिजे. दिग्दर्शकाचा निरोप : सासूला कळतं तिथे दणका द्या, पण कालच्यासारखा नको. कालचाही त्यांनीच मागितला होता.

१४ मे
पहाटे लाईट गेली. कूलर, फ्रिज, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, सगळं एकदम गप्प. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर तिच्या दुपटीनं, म्हणजे १०० हर्ट्झवर गुणगुणतो. पेटीवर पांढरी पाचच्या किंचित वर. लाईट आल्यावर तपासलं, तर सासूच्या संशयाखाली रात्री मी धरलेला सूर तोच निघाला. मला वाटलं होतं, सुचला.

१५ मे
दुपारी खदानीचा ब्लास्टिंगचा भोंगा झाला आणि डेलिया डर्बीशायर आठवल्या. बाई कॉव्हेंट्रीच्या. दुसऱ्या महायुद्धात त्या गावावर बॉम्ब पडले तेव्हा त्या जेमतेम तीन वर्षांच्या होत्या. अशा अमूर्त आवाजांची ओढ हवाई हल्ल्याच्या भोंग्यांनी लावली, असं पुढे सांगत. १९६३ साली बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ची शीर्षकधून त्यांनी घडवली. चाल रॉन ग्रेनरची. पण छेडलेल्या एका तारेचा आणि ऑसिलेटरचा आवाज टेपवर घेऊन, टेप हळू-जलद फिरवून, कापून आणि चिकटवून सूर न् सूर जोडला तो बाईंनी. सिंथेसायझर नाही की काही नाही. ग्रेनर मानधनाचा अर्धा वाटा द्यायला तयार होते, संस्थेच्या नियमात ते बसेना. पडद्यावर नाव आलं २०१३ साली. बाई २००१ मध्येच गेल्या होत्या.

१७ मे
आई सांबार निवडता निवडता ‘आभाळमाया’ची चाल गुणगुणत होती. १९९९ ची मालिका. तेव्हा हे गाणं लागलं की आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या बाया गॅस बारीक करून टीव्हीपुढे यायच्या.
‘कोणाचं गं हे?’ मी विचारलं.
‘देवकी पंडितनं म्हटलं ना.’
‘आणि चाल?’
‘चाल काय, गाण्याचीच असते बापू.’
अशोक पत्कींचं नाव सांगितलं. ‘हो का,’ म्हणाली आणि काड्या पेपरात गुंडाळल्या.

१८ मे
रात्री साडेदहाला स्टेशनच्या पुलावर. वणीकडची लाइन इथूनच फुटते. कोळशाचा रेक हलताना आधी इंजिनाजवळ ठण् होतं, मग तो ठण् डब्याडब्यातून धावत शेवटपर्यंत जातो आणि अंधारात विरतो. मोबाइलवर तीनदा टिपला. घरी येऊन आठपट सावकाश केला. लोखंड गेलं, उरला कुणीतरी खोल विहिरीतून उसासा टाकल्यासारखा आवाज. सासूला तोच दिला. दिग्दर्शकांचा अंगठा आला. नवल!

२० मे
क्यू-शीट भरली. कंटाळवाणं काम : कोणता तुकडा, किती सेकंद, कोणाचा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर मालिका पुन्हा दाखवली तरी संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क उरतो, लिहून देतो म्हटलं तरी सुटत नाही. पण कागदावर नाव नसेल तर पैसा येणार कोणाकडे? एका मालिकेत माझ्या १४० भागांच्या शीटवर नावाचा रकाना कोराच गेला होता. तेव्हापासून दुसऱ्याला भरू देत नाही. तुकडा १९, ११ सेकंद, शीर्षक ‘माजरी यार्ड’.

२१ मे
भाग लागला. आई खाटेवर, मी मागे भिंतीला टेकून. सासूनं पत्र उघडलं, तुकडा १९ सुरू झाला. आईनं रिमोट उचलून आवाज वाढवला.
‘काही ऐकूच येऊन नाही राहिलं,’ ती म्हणाली. ‘मालगाडी जाऊन राहिली वाटते.’